धाकटीचं पारितोषिक

त्या वर्षी आम्हा दोघी बहिणींचे लघुपट एकाच आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला गेले होते. माझा पहिल्याच फेरीत बाद झाला, धाकटीचा निवडला गेला. तंजावूरच्या आमच्या स्वयंपाकघरात तिनं आईला इथल्या जुन्या वळणाच्या मराठीत बोलतं केलं होतं, एवढंच. "हे कोण बघणार?" असं मीच तिला हसून म्हटलं होतं.

पारितोषिक सोहळा आई आणि मी फोनवर पाहिला. धाकटीचं नाव पुकारलं आणि माझा नुसता जळफळाट झाला. थोड्या वेळानं तिचाच फोन आला.

"अक्काला दे ना," ती आईला म्हणाली.

मी मान हलवून नकार दिला. डोळे भरून आले होते.

"अक्का आनंदानं रडतेय गं," आईनं तिला सांगितलं.

मी आईला खरं कधीच सांगितलं नाही.