आधी खोट, मग किंमत

माधवीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून चक्क पळून येऊन टावर चौकात गरम कचोरी खात उभा होतो. "दादा, बाबा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. माधवी म्हणजे माझी चुलत बहीण, अण्णाकाकांची एकुलती एक मुलगी. आदल्या दिवशीच इंदूरहून आली होती. मी "आलो" म्हटलं, फोन खिशात ठेवला... आणि हातातली कचोरी संपवली. का, ते मला अजून सांगता येत नाही. टाकून द्यायला हात होईना आणि धरून ठेवायला जीव होईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तशी कचोरीवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. "भैया, आज मिर्ची ज़रा तेज़ हो गई." मी मान डोलावली. हा किस्सा अण्णाकाकांना सांगता आला असता तर ते पोट धरून हसले असते आणि मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाले असते, "ते सगळं ठीक आहे गुड्डू, पण कचोरी कशी होती?" पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी त्यांच्या लेखी मी गुड्डूच होतो.

अण्णाकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बँकेतून रिटायर झालेले, फ्रीगंजातल्या तीन खोल्यांत राहणारे, शाकाहारी आणि पालीला भिणारे. आणि त्यांना शौक होता जुन्या बंदुकांचा. आमचे पूर्वज दरबाराच्या शिलेखान्यात कारकून म्हणून इकडे हिंदी मुलखात आले. तिथल्या बंदुका मोजायच्या, तेल दिलंय की नाही ते बघायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन वरण-भात खायचा. म्हणजे आमच्या घराण्यात बंदुका मोजणारे पुष्कळ झाले, चालवणारा एकही नाही. अण्णाकाकांनी ही परंपरा मोठ्या निष्ठेनं चालवली. रेंजवर डबे मांडून ते नेम धरायचे तेव्हा सगळ्यात सुरक्षित जागा डब्यांची असायची. मी तर आवाज व्हायच्या आधीच कानात बोटं घालून स्कूटरमागे उभा. तरी दर खेपेला त्यांना घेऊन जाणारा मीच होतो, कारण काकांना स्कूटर चालवता येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

त्यांच्याकडे तीन होत्या, तिन्ही लायसन्सवर. पहिली पणजोबांची दुनाळी. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. दुसरी काकूच्या वडिलांची एकनळी. ते जंगलखात्यात होते, मुलगा नव्हता, तेव्हा बंदूक लेकीच्या मागोमाग जावयाकडे आली. आणि तिसरी काकांनी स्वतः निवडून घेतलेली, रतलामच्या एका म्हाताऱ्या रेल्वे गार्डाकडून. युद्धानंतर फौजेनं डिस्पोजलमध्ये काढलेली, रंगरुटांना नेम शिकवायची रायफल. दिसायला हुबेहूब मोठ्या थ्री-नॉट-थ्रीसारखी, तेच वजन, तोच लाकडी दस्ता, पण नळीचं भोक बारीक, पॉइंट टू-टूचं. बाजारात तिला कोणी विचारलं नसतं. काकांचा जीव मात्र तिच्यात.

आता हे शौकीन लोक भेटतात कुठे? क्लबात नाही, प्रदर्शनात नाही. ते भेटतात पोलीस ठाण्यात. निवडणूक लागली की प्रत्येक लायसन्सवाल्याला आपली बंदूक जमा करावी लागते, आणि मग ठाण्याच्या अंगणात, कडुनिंबाखाली, चादरीत गुंडाळलेल्या बंदुका मांडीवर घेऊन सगळे रांगेत. तिथे चादरी उघडल्या जातात, नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या जातात, दस्त्यांवरून हात फिरतात आणि सौद्यांची बोलणी सुरू होतात. मी त्यांना आचारसंहिता मंडळ म्हणायचो. इतर लोक निवडणुकीत उमेदवार बघतात; काका बघायचे की देवास गेटचा ठाकूर यंदा त्याची जुनी एकनळी विकायला काढतोय की नाही. दर वेळी ठाण्यात नवा मुन्शी असायचा आणि दर वेळी काकांची रायफल बघून दचकायचा. "अरे! ये तो थ्री-नॉट-थ्री है! ये पब्लिक को अलाउड नहीं है बाबूजी!" काका शांतपणे म्हणायचे, "आपकी पेन्सिल दीजिए साहब. नली में चली जाए तो बंदूक आपकी, और मैं भी आपका." खऱ्या थ्री-नॉट-थ्रीत जाणारी पेन्सिल हिच्यात अर्थातच जायची नाही. मुन्शी तरी पुन्हा पुन्हा घालून बघायचा, आणि मागची रांग खुश.

या मंडळाचा एक रिवाज होता आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायचे जोहरसेठ. जोहरसेठांचं बंदुकांचं दुकान, सगळे सौदे कायद्यानं त्यांच्या काउंटरवर व्हायचे. रिवाज असा: विकणाऱ्यानं आधी खोट सांगायची, मग किंमत. पहिल्या वाक्यात मालाची तारीफ केली की घेणारा उठलाच म्हणून समजा. त्यामुळे तिथले सौदे ऐकण्यासारखे असायचे. "दस्ता चटका हुआ है." "हाँ." "घोड़ा कभी-कभी रूठता है." "हाँ." "और मेरे बाप ने एक बार इससे खूँटा ठोका था." "अच्छा... अब बोलो, कितना?" नवखा माणूस ऐकेल तर त्याला वाटेल, दोघांचं भांडण आहे आणि विकणारा हरतोय.

काकांनी हा रिवाज बंदुकांपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. माझं लग्न ठरवायला आम्ही इंदूरला गेलो. वडील माझे तेव्हा आजारी होते, म्हणून काका पुढे. पोहे आले, चहा आला, मुलीच्या वडिलांनी घसा साफ केला, आणि काका म्हणाले, "हे बघा, मुलगा आळशी आहे. घोरतो. हिशेबाचा कच्चा आहे, आणि राग आला की बोलत नाही, नुसतं भांडी आपटतो. नोकरी पक्की आहे पण बढतीची आशा धरू नका."  मी पोह्यांतले शेंगदाणे मोजत बसलो. आई परतीच्या बसमध्ये काकांकडे पाठ करून बसली. पण चार दिवसांनी होकार आला. वैशाली, म्हणजे आता माझी बायको, आजही म्हणते, "बाकी स्थळं नुसती गुणांची पोती घेऊन यायची. तुझंच तेवढं काय ते आधी कळलं होतं." एवढ्या वर्षांत तिची माझ्याबद्दल तक्रार अशी नाही. काकांनी सांगितलं नव्हतं असं काही निघालंच नाही.

मग कायदा बदलला. एका माणसाला तीन चालायच्या त्या दोन झाल्या. तिसरी मुदतीत विका, नाहीतर ठाण्यात जमा करा. ठाण्यातला मालखाना काकांनी पाहिलेला होता. ओल, उंदीर, एकावर एक टाकलेल्या बंदुका आणि कोणीही उचलून न बघणारं आयुष्य. तिथे काही जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. प्रश्न होता, कोणती सोडायची. आम्ही सगळे गृहीत धरून होतो की एकनळी जाणार. काकू स्वतःच म्हणाली, "अहो, माझ्या बाबांची द्या ना. मला काय करायचंय तिचं? वर्षातून एकदा धूळ पुसते मी."

"ती तुझी आहे," काका म्हणाले. "मी नुसता लायसन्सवाला."

"मग दुनाळी?"

"ती घराची."

"मग राहिलं काय?"

"राहिली ना माझी," काका म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता हे मी पाहिलं, काकूनंही पाहिलं. 

गिऱ्हाईक लवकर मिळालं. इंदूर रोडवर रिसॉर्ट काढलेला एक तरुण शेठ. जोहरसेठांच्या दुकानात काकांनी सुरुवात केली. नळी आतून गंजानं खाल्लेली आहे. बोल्टचा नंबर नळीच्या नंबराशी जुळत नाही, म्हणजे तो मूळचा नाही. दस्ता मनगटापाशी, म्हणजे मूठ धरतात तिथे, सांधलेला आहे. डावीकडे मारते. प्रत्येक वाक्याला शेठ म्हणायचा, "चलेगा अंकल, चलेगा." शेवटी म्हणाला, "मुझे तो रिसेप्शन पे टाँगनी है. ऐसा पॉलिश मारूँगा कि शीशे जैसी चमकेगी." काकांनी चादर गुंडाळायला घेतली. "बेटा, तुमने एक भी खोट पर सवाल नहीं पूछा," एवढंच बोलले. जोहरसेठ कपाळाला हात लावून बसले. घरी काकूनं जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सारांश असा की मुदत संपत आली आहे, वय झालं आहे, आणि रायफलीसाठी स्वर्गातून कोणी उतरणार नाही.

आलं ते देवासहून, बसनं. निगम मॅडम, शाळेत खेळाच्या टीचर, नेमबाजीचं लायसन्स असलेल्या. कॉलेजात कॅडेट असताना अशाच रायफलीवर शिकल्या होत्या, म्हणून जोहरसेठांनी कळवलं होतं. काकांनी एकेक खोट सांगायला सुरुवात केली आणि बाईंनी प्रत्येक खोटीवर त्यांना अडवलं.

"बाएँ कितना जाती है?"

"पच्चीस गज़ पर दो अंगुल."

"हर बार दो अंगुल? या मनमर्ज़ी से?"

"हर बार."

"तो ये खोट नहीं हुई अंकल, ये तो आदत हुई. दो अंगुल मैं सँभाल लूँगी." मग सांधा नखानं तपासला, नळी उजेडाकडे धरली, बोल्ट ओढून पाहिला. आणि रायफल खाली ठेवून म्हणाल्या, "अब मेरी भी सुन लीजिए. बाईं आँख में मोतिया उतर रहा है, निशाना दाईं से लेती हूँ. तेल देने में कभी-कभी आलस करती हूँ. और दीवार पर तो ये बिल्कुल नहीं टँगेगी, हर हफ़्ते रेंज पर जाएगी." जोहरसेठ म्हणाले, "मैडम, लेने वाले की खोट बताने का रिवाज नहीं है." काका म्हणाले, "आज से है, सेठ."

परवानगीचे कागद हलायला वेळ लागला. कलेक्टर कचेरीच्या आम्ही इतक्या चकरा मारल्या की पार्किंगवाला मला चहा विचारायला लागला. काका थकत चालले होते. स्कूटरवर मागे बसून माझ्या खांद्याला जरा जास्तच घट्ट धरायचे. प्रत्येक चकरेत एकच काळजी: "कागद आधी व्हायला हवा रे. मी आधी गेलो तर ही मालखान्यात." मी म्हणायचो, "काका, तुम्ही कुठे जाताय?" आणि स्कूटर जरा हळू चालवायचो.

कागद झाला, मुदतीच्या आत. दुकानात मॅडमनी सही केली, जोहरसेठांनी शिक्का मारला, रायफल त्यांच्या हातात गेली. मग काका बोलायला लागले. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर फिरलो, पण त्या रायफलीबद्दल चांगला शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो. थंडीच्या सकाळी बोल्ट मागे ओढला की आवाज किती स्वच्छ येतो. दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथलं लाकूड कसं मऊ झालंय; किती पोरांनी तिथे गाल टेकला असेल, घाबरत, पहिल्यांदाच, आणि हिनं कुणाला झटका दिला नाही. रतलामहून चादरीत गुंडाळून आणली तेव्हा रेल्वेच्या डब्यात लोकांनी कशी जागा करून दिली. बाई उभ्यानं ऐकत राहिल्या, त्यांची बस चुकली. मी जोहरसेठांना हळूच विचारलं, "आज काका को क्या हुआ?" ते म्हणाले, "कुछ नहीं हुआ. तारीफ़ तो बाद में ही करते हैं गुड्डू भाई. जब तक चीज़ अपनी है तब तक तारीफ़ करो तो वो बेचना हुआ. पराई हो जाए, तब बोलो."

आणि मला एकदम माझं लग्न आठवलं. अक्षता पडल्यावर काका माझ्या सासऱ्यांना मांडवाच्या कोपऱ्यात घेऊन गेले होते आणि बराच वेळ बोलत बसले होते. मला वाटलं होतं, राहिलेल्या खोटी सांगताहेत. घरी येऊन वैशालीला विचारलं, "तेव्हा काका तुझ्या बाबांशी काय बोलले होते?" ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. पण सांगणार नाही. डोक्यावर बसशील." मी आजवर भीक मागतोय. सांगत नाही.

रायफल गेल्यावर काका फार दिवस राहिले नाहीत, पण ते दिवस मोकळेपणानं राहिले. आता उरलेल्या दोन्ही बंदुका जोहरसेठांच्या तिजोरीत आहेत. लायसन्सवाला गेला की तसंच करावं लागतं. दुनाळीसाठी माधवीनं अर्ज दिलाय आणि एकनळीसाठी, या वयात, काकूनं.

काका गेल्यावर घरी माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण त्यांचं कौतुक करायचा आणि काकू प्रत्येकाला तोडायची. "कसला देवमाणूस? जेवताना बोलायचे नाहीत. माझ्या वाढदिवशी ठाण्यात जाऊन बसायचे. एक भाजी धड आणली नाही जन्मात." लोक चपापायचे. माधवी मला आत नेऊन म्हणाली, "दादा, आईला काय झालंय?" मलाही कळेना. मनातून थोडा रागही आला.

परवाच्या रविवारी सकाळी गेलो. रविवारी पुढच्या खोलीत जुनी चादर अंथरून काका तेल-फडकं घेऊन बसायचे. चादर अंथरलेली होती, वर काही नव्हतं. तेलाचा वास मात्र तसाच. काकू चादरीच्या कडेला चहा घेऊन बसली होती. माझा कप पुढे सरकवत म्हणाली, "तेरावा झाला. बँकेचे कागद झाले, पेन्शनचे झाले. काल त्यांचं नाव पण निघालं सगळीकडून." चहाचा एक घोट घेतला. "आता नाहीत ते माझे. आता बोलायला हरकत नाही ना रे?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं चादरीवरची सुरकुती हातानं सरळ केली. "थंडीत लोखंडाला हात लावायच्या आधी ते हात चोळून घ्यायचे," ती म्हणाली. "त्याला गार लागू नये म्हणून. रोज सकाळी मला चहाला उठवायचे ना, तेव्हासुद्धा आधी हात चोळायचे. मग खांद्याला लावायचे... अजून खूप आहे. तुला वेळ आहे ना?"

मी कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकून नीट बसलो.