दुधी काचेतलं औक्षण

माझ्या थोरल्या जावेशी माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं मीच सांगणार, तेव्हा तिची बाजू लंगडी पडेल. पडू दे. ती तिची बाजू गेलं वर्षभर आमच्या केशवापूर भागातल्या घराघरांत सांगतेच आहे.

आम्ही एकाच घरात राहतो. दोघा भावांचं बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान, आणि दोघांत मिळून मूल एकच, जावेची मुलगी. जावेला मी अक्का म्हणते, तोंडदेखलं. मला मूल झालं नाही. ही पोर मात्र माझ्या मांडीवर वाढली, आणि दर वाढदिवसाला अक्काच्या पाठोपाठ मी तिला ओवाळायचे. त्या घरात माझ्या हक्काचं म्हणावं असं तेवढंच होतं.

तिच्या आठव्या वाढदिवसाला अक्का केक आणायला गेली ती ट्रॅफिकमध्ये अडकली. दिवेलागण होऊन गेली, निरांजन लावलेलं, मुलगी नव्या परकरात पाटावर बसून कंटाळलेली. म्हटलं, मी ओवाळून घेते, अक्का आली की तीही ओवाळेल. वाऱ्याने वात विझायला नको म्हणून दार लोटून घेतलं. त्या दाराला खाली लाकूड आणि वर दुधी काच आहे. आत ट्यूब लागलेली असली की बाहेरच्या अंधाऱ्या बोळातून माणसाची नुसती काळी आकृती दिसते. मी दोन्ही हातांत तबक धरून ओवाळू लागले, तोच बोळातून अक्का किंचाळली.

“उलटं ओवाळायलीस! माझ्या लेकराला उलटं ओवाळायलीस तू!”

उलटं म्हणजे घड्याळाच्या काट्यांविरुद्ध. आमच्यात कुणी तसं ओवाळलं तर त्याने वाईट चिंतलं असं धरतात. मी सुलटंच ओवाळत होते. पण मुलीला नेमका त्याच रात्री ताप भरला. आदल्या दिवशी तिने दोन प्लेट गोबी मंचुरी खाल्ली होती, ते कुणाला आठवलं नाही. अक्का तिच्या उशाशी बसून, तिच्यादेखत मला म्हणाली, “स्वतःला नाही, म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही.” तेव्हापासून मला ओवाळायची बंदी झाली. आमचे हे औषध आणायच्या निमित्ताने बाहेर पडले. निमित्तं काढण्यात ते पटाईत आहेत.

अक्का धडधडीत खोटं बोलतेय अशी माझी खात्री होती, आणि मला ते तिच्या तोंडावर मारायचं होतं. ताप उतरल्यावर मी ह्यांच्या हातात दुकानातलं एक ताट दिलं, त्यांना त्या खोलीत उभं केलं आणि स्वतः बोळात थांबले. फिरवा म्हटलं, सुलटं. फिरवलं, सुलटंच दिसलं. पुन्हा फिरवा म्हटलं, तर चक्क उलटं! भांडायच्या तयारीने दार ढकललं. हे दाराकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभे होते, आणि ताट अगदी सुलटं फिरत होतं.

मला तर काचेत त्यांचं तोंड दिसलं होतं.

मग मी नीट उभी राहून बघितलं. काळ्या आकृतीला तोंडही नसतं आणि पाठही नसते. पण डोळ्यांना एक काहीतरी धरावंच लागतं, आणि समोर माणूस दिसला की तो आपल्याकडेच वळलाय असं ते धरतात. तिथे चुकलं की दिशाही फिरते. वाढदिवसाला ओवाळताना माझीही पाठच दाराकडे होती. पारदर्शक घड्याळ मागून बघितलं तर काटे उलटे जातात, तसं. आणि हे आपण धरून चाललोय याचा पत्ताच लागत नाही. आपल्याला वाटतं, दिसलं.

अक्काला बोलावलं. ह्यांनी पाचदा ताट फिरवलं, पाचही वेळा सुलटं, त्यातल्या तीन वेळा पाठ करून. अक्का पाचही वेळा म्हणाली, तोंड माझ्याकडेच आहे. एकदा तर मिशी दिसली म्हणाली. तीनदा तिने छातीठोकपणे उलटं म्हणून सांगितलं. प्रत्येक वेळी मी दार उघडून दाखवलं. मला फार मजा आली, खोटं कशाला सांगू. अक्का चिडली की कन्नडवर जाते. “साकु माडु,” म्हणाली, म्हणजे पुरे कर. “ताट आणि निरांजन एकच काय? मी डोळ्यांनी बघितलंय की.” बंदी काही उठली नाही.

यंदा नववा वाढदिवस. अक्काने मुलीला खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. मला आत बोलावलं नाही. मी बोळात खिरीचं पातेलं धरून उभी. काचेवर अक्काची काळी आकृती उमटली, तबक फिरू लागलं. उलटं.

मला ठाऊक होतं. पाठ असेल, मी स्वतःला बजावलं. ही पाठ आहे. तिला मनातल्या मनात वळवून बघितलं, डोळे मिटून पुन्हा उघडले. ती वळेना. ती माझ्याकडे तोंड करून, माझ्याकडे बघत उलटं ओवाळत होती. वर्षभर जे गिळलं होतं ते सगळं वर आलं आणि मी ओरडले, “अक्का, उलटं ओवाळायलाय तुम्ही!”

पातेलं खाली ठेवून मी दार ढकललं. अक्का पाठमोरी उभी होती. म्हणजे तबक सुलटंच चाललं होतं आणि आता हातात थांबलं होतं. तिच्या पलीकडे पाटावर मुलगी, कपाळाला कुंकू, तोंड थेट माझ्याकडे. अक्का वळायच्या आत तीच बोलली.

“काकू, आता मला परत ताप येतो काय?”