चार्जरसकट अर्पण

"थांबा, आधी वर विचारतो," असं म्हणून तो उजव्या हाताचं बोट छताकडे करायचा आणि डोळे मिटायचा. प्रश्न कसलाही असो. मुलगी नवापूरकडे द्यावी का, बोअर कुठे मारावी, चहात साखर किती टाकू. वरून उत्तर येईपर्यंत विचारणारा ताटकळत उभा. खांडबाऱ्यात त्याची पिठाची गिरणी होती, त्यामुळे ते बोट कायम पांढरं. गिरणीच्या पत्र्याकडे रोखलेलं ते बोट तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कारण तो खोटारडा होता असं आमच्या चर्चच्या मंडळीत आजही बोललं जातं, आणि ते साफ चूक आहे. चूक माझ्या खिशातून निघाली होती.

मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. त्याची आणि माझी भिंत एक, चर्च एक. तो मंडळीचा पंच, पुढच्या बाकावर बसणारा. मी मागचा, भिंतीला टेकणारा. मला त्याची नक्कल फार छान जमायची. टपरीवर मी "थांबा, आधी वर विचारतो" म्हटलं की लोक वळून त्यालाच शोधायचे. तोही हसायचा. म्हणायचा, "मास्तर, माझ्यापेक्षा तूच जास्त मी आहेस."

मोबाईल आला आणि हा माणूस त्यात पडला, जसं उंदराचं पिल्लू पिठात पडतं. पहाटेपासून साऱ्या गावाला वचनं पाठवायचा, खाली गुलाबाचं फूल. एकदा एका लग्नघरच्या ग्रुपवर त्याने सांत्वनाचं वचन टाकलं. नवरदेवाने उत्तरात हात जोडले.

मग ती प्रभुभोजनाची सकाळ आली. पाळकसाहेबांनी प्याला उचलला, चर्चमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि त्याच्या खिशात फोन वाजला. रिंगटोन होती आमच्याच एका गीताची. मंडळीला वाटलं पेटी सुरू झाली. सगळे उठले आणि गाऊ लागले. पाळकसाहेब प्याला धरून उभे. फोन करणारा चिकाटीचा निघाला, त्याने पुन्हा लावला, म्हणून मंडळीने दुसरं कडवंही म्हटलं.

बाहेर आल्यावर त्याचा चेहरा उतरलेला होता. "मास्तर, लोक देवासाठी नाही उठले. माझ्या फोनसाठी उठले. कोण होतं माहीत आहे? रिचार्ज संपतोय म्हणून सांगणारी बाई."

त्या दिवसापासून त्याने फोन सोडायचं ठरवलं. आधी कपाटात ठेवला. कपाट वाजू लागलं. मग ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरला. तिथे तो थरथरला की पिठाला भेगा पडायच्या आणि गिऱ्हाईक दचकायचं.

शेवटी हंगामाचा सण आला. आमच्याकडे या दिवशी पिकातला पहिला वाटा वेदीपुढे आणतात. भाताच्या लोंब्या, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासना संपली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. त्या वर्षी भोपळे आणि कोंबडा यांच्या मधोमध त्याने आपला मोबाईल ठेवला. शेजारी नीट गुंडाळलेला चार्जर.

"चालू मोबाईल, चार्जरसकट! बोला!" लिलाव करणारा ओरडला. कोणी बोलेना. पंचाचं अर्पण, त्याच्यावर बोली कशी लावायची? पण आमच्यात एखाद्याच्या अर्पणावर बोलीच लागली नाही तर तो त्या घराचा अपमान असतो. तो कोंबड्याकडे बघत मान खाली घालून उभा होता. मला बघवेना. मी हात वर केला. बोली एकच लागली, ती माझी.

घरी आल्यावर मी फोन त्याला द्यायला गेलो, तर साप दिसावा तसा तो मागे सरकला.

"अर्पण परत घेऊ? बायबलातले हनन्या आणि सप्पीरा विसरलास? देवाला दिलेल्यातलं थोडंसं मागे ठेवलं तर जागच्या जागी मेले ते!"

"अरे, निदान सिम तरी काढ आतलं."

"कोंबडी देताना पाय काढून देतो का आपण?"

मी तसाच परतलो. फोन माझ्या घरी राहिला, सिमसकट, त्याच्या नंबरासकट.

त्याच आठवड्यात दुपारी तो वाजला. डोंगराकडच्या पाड्यावरून एक बाई बोलत होती. आवाज तुटत होता. "दादा, गाय कालपासून उठत नाही. प्रार्थना करा ना, दादा."

दादा इथे नाहीत, असं मी म्हणायला हवं होतं. वाक्य काही अवघड नव्हतं. पण बाई घाबरलेली होती आणि त्याचा आवाज माझ्या जिभेवर तयारच होता. "थांबा, आधी वर विचारतो," मी म्हणालो. आणि मग घरात एकटा, छताकडे बोट करून, बोलायला काही नसलेला मी गप्प उभा राहिलो.  मग दोन शब्द पुटपुटलो आणि आमेन म्हटलं. संध्याकाळी पुन्हा फोन. गाय उठली होती.

पाड्यावर बातमी पसरायला एक उठलेली गाय पुरते. मग फोन येतच राहिले. कोणाची परीक्षा, कोणाचा ट्रॅक्टर, सुरतेला कामाला जाऊन घर विसरलेला कोणाचा मुलगा. मी सगळ्यांना वर विचारत होतो.

इकडे खरा दादा पहाटे उठून नदीकाठी बसत होता. बायबल मांडीवर, हात रिकामे. टपरीवाला आमचा धुळ्याकडचा, अहिराणीत विचारायचा, "काय दादा, देवले फोन लागना का?" हा गंभीरपणे म्हणायचा, "लावत नाही आता. ऐकतो."

"काय ऐकू आलं?" मी एकदा विचारलं.

"गिरणीचा पट्टा कुरकुरतो. इतकी वर्षं कुरकुरत होता, मला कळलंच नव्हतं. त्याच्या खाली आणखी काहीतरी आहे. पण आधी पट्टा बदलतो."

आणि त्याने खरंच पट्टा बदलला. आजाऱ्याच्या घरी तो आता पायी जायचा, बसायचा, फार बोलायचा नाही. एका रविवारी त्याने चर्चमध्ये साक्ष दिली: "हंगामाच्या सणापासून मी फोनला हात लावलेला नाही. प्रभूची स्तुती असो." मागे भिंतीला टेकलेला मी मोठ्याने आमेन म्हणालो.

पुढच्या रविवारी ती गायवाली बाई पाड्यावरून मुद्दाम आली आणि साक्ष द्यायला उभी राहिली. "दादांनी फोनवर प्रार्थना केली आणि माझी गाय उठली. परवा वासरासाठीही केली."

जुना फोन लिलावात मी घेतला हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यात त्याचं सिम तसंच आहे हे कोणालाच नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, "दादा, तुमच्याकडे दुसरा फोन आहे?"

"नाही."

"मग ही बाई खोटं बोलते?"

"नाही," तो म्हणाला. "ती कशाला खोटं बोलेल?"

माझ्या खिशात फोन थरथरू लागला. मी त्यावर गीतांचं पुस्तक दाबून धरलं.

त्याचं पंचपद गेलं. उपासनेत प्रार्थना करायलाही मनाई झाली. टपरीवाला म्हणाला, "दादा, देव सायलेंटवर शे का?" या वेळी तो हसला नाही.

मी गिरणीत जाऊन सगळं सांगितलं. त्याने गिरणी बंद केली. वाटलं, आता शिव्या देईल.

"तू रोज प्रार्थना करत होतास? तू?" असं म्हणून तो हसायला लागला, इतका की पोत्यावर बसला. मग डोळे पुसले, तर तोंडभर पीठ. "खरी करत होतास का?"

"कसली खरी? नक्कल होती तुझी."

"सगळी? गप्प उभा राहायचास तेव्हाही?"

मी बाहीवरचं पीठ झटकू लागलो.

"मग राहू दे. तू सांगितलंस तर त्या बाईला वाटेल, आपली गाय नकलेवर उठली. बिचारी गायीकडे संशयाने बघेल. आणि हे बघ, फोन बंद करू नकोस. लोक जातील कुठे?"

मी उद्याच चर्चमध्ये सांगतो म्हणालो. त्याने शपथ घातली. ती मोडणं माझ्या हातात होतं. मी मोडली नाही, कारण ती पाळणं सोयीचं होतं. तो जिवंत असेपर्यंत त्याच्या नावाने मी प्रार्थना करत राहिलो, आणि माझ्या नावाने तो खोटारडा म्हणवून घेत राहिला.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. दफनाच्या वेळी कबरीशी कोणीतरी हळूच म्हणालं, "माणूस चांगला होता, फक्त तेवढी एक फोनची गोष्ट."

पुढच्या रविवारी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पुरावा म्हणून फोन दाखवला. पाळकसाहेबांनी तो हातात घेतला, खेदाने मान हलवली. "म्हणजे लिलावात तुम्ही घेतलेला फोन ते लपून वापरत होते."

मी म्हटलं, थांबा, आवाजच काढून दाखवतो. पण मधल्या आठवड्यातच माझे उरलेले दात काढले होते. नव्या कवळीतून नुसती शिट्टी आली. आता दर रविवारी येणारी गायवाली बाई म्हणाली, "गुरुजी, आमच्या दादांचा आवाज असा नव्हता. आणि इतकी चांगली प्रार्थना तुम्हाला कधी जमली?" मग सगळ्यांचे डोळे भरून आले. मित्राचं पाप म्हातारा स्वतःवर घेतोय, असा माणूस आजकाल मिळतो कुठे! मला पुढे नेऊन पंचांच्या बाकावर बसवलं. त्याच्याच जागेवर.

पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, आज तुम्हीच प्रार्थना करा."

मंडळीने माना खाली घातल्या. मला एकच वाक्य म्हणायचं होतं, आणि तेही माझ्या स्वतःच्या आवाजात: प्रभू, तो खोटं बोलला नव्हता. मी तोंड उघडलं. लांबलचक शिट्टी वाजली.

सगळी मंडळी म्हणाली, "आमेन."