नाकेदारसाहेब आणि गिरणीचे शेअर

लग्नात कुणी नाकेदारसाहेबांच्या हातावर लाडू ठेवला, तर ते तो आधी फोडून बघायचे. आत काय निघणार, बेदाणाच! पण निजामाच्या अमलातली त्यांची सारी नोकरी नळदुर्गाजवळच्या जकात नाक्यावर, सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या तपासण्यात गेलेली. न तपासता काही तोंडात टाकणं म्हणजे त्यांना कामात कसूर केल्यासारखं वाटे. बाजारात ते वांगी उलटीपालटी करायला लागले, की भाजीवाली म्हणायची, "साहेब, ह्येच्यात सोनं न्हाय लपिवलं!" त्यावर ते गंभीरपणे म्हणत, "सोनं न्हाय, पण अळी असती."

राज्य गेलं, मागोमाग नाकाही उठला. साहेबांना घरी बसवताना सरकारनं एकरकमी पैसे हातावर ठेवले. त्याच सुमारास माझे वडील हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनाही फंड मिळाला. दोघं एकाच गल्लीतले. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर चहा आणि भांडण, आणि भांडणाचा विषय एकच: हा म्हातारपणाचा पैसा ठेवायचा कुठं?

वडिलांचं गणित पक्कं, आणि तसं ते चारचौघांत सांगतही. सरकारी रोख्यांवर व्याज कमी, सोलापूरच्या एका कापडगिरणीचा लाभांश जास्त. मग विचार कसला करायचा? त्यांनी सगळा फंड त्या गिरणीच्या शेअरांत घातला. साहेबांनी मात्र बहुतेक पैशांचे रोखे घेतले. "रोखे म्हंजे घरातली जवारी, मास्तर. शेअर म्हंजे रानातली तूर. ढग आले तर तूर जाईल, पण भाकर तर ऱ्हाईल." वडील यावर इतकं हसत, की आई आतून डोकावून बघे.

उरलेल्या थोड्या पैशांतून साहेबांनीही त्याच गिरणीचे चार शेअर घेतले, पण रीतसर तपासणी करूनच. एसटीनं सोलापूर गाठायचं, गिरणीच्या फाटकासमोरच्या हॉटेलात बसायचं आणि भोंगा होईपर्यंत चहावर चहा घ्यायचा. "गिरणीचं खरं गिरणीत न्हाय कळत. समोरच्या हॉटेलात कळतं. कामगारांची उधारी वाढली, की समजायचं, पगार लांबलाय." मला हे तेव्हा फार गमतीचं वाटे. आता मी स्वतः निवृत्त झाल्यावर वाटतं, बँकेतल्या पुष्कळ साहेबांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं.

मग ढग खरोखरच आले. कापडाला उठाव राहिला नाही, गिरणीत गाठी पडून राहिल्या. आधी एक पाळी बंद झाली आणि नंतर भोंगाच थांबला. लाभांश गेला, शेअरचा भाव पार मातीत गेला. मी नुकतीच कळंबच्या शाळेत मास्तरीण झाले होते. माझ्या पगारातले पैसे पुढे केले, तर वडील ताटावरून उठले. त्यांना पेन्शन नव्हती. आईचं आणि त्यांचं उरलेलं सगळं आयुष्य त्या कागदांवर होतं. एक अडत्या पाव किमतीत शेअर घ्यायला तयार झाला, आणि वडील विकायला निघाले.

साहेब म्हणाले, "दोन दिवस थांबा." ते सोलापूरला जाऊन आले. "हॉटेलवाल्यानं दुकान न्हाय हलिवलं. आन् आत वॉचमन यंत्रांना तेल देतोय. ज्याला मोडीत काढायचंय, त्यो तेल कशाला देईल? गिरणी उठंल, मास्तर. आज विकू नका."

"आणि तोवर आम्ही काय खायचं?" वडिलांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

साहेबांनी पिशवीतून आपल्याजवळचे निम्मे रोखे काढले. "निम्मे शेअर मला द्या. तुमी घेतले त्याच भावानं."

"मला भीक नको, नाकेदारसाहेब!"

"भीक कोन देतंय? म्या लालची माणूस हाय. उद्या भाव चढला, की मलाच फायदा." त्यांनी तिथंच रोख्यांच्या पाठीवर सह्या केल्या. वडिलांनी बराच वेळ घेतला, पण अखेर शेअर नावावर करून द्यायच्या फॉर्मवर सही केली. त्या रोख्यांच्या व्याजावर आमच्या घरची चूल चालली. उरलेले निम्मे शेअर वडिलांनी विकले नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात साहेब छातीच्या दुखण्यानं गेले. गिरणी सुरू झाल्याचं त्यांना बघायला मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ती पुढच्या वर्षी सुरू झाली आणि यथावकाश लाभांशाचं पत्र आलं. वडिलांनी ते तीनदा वाचलं. पत्राप्रमाणे गिरणीच्या दप्तरात सगळेच्या सगळे शेअर अजून वडिलांच्याच नावावर होते.

काहीतरी चूक झाली म्हणून वडील आणि मी पत्र घेऊन साहेबांच्या बायकोकडे, चाचींकडे गेलो. चाचींनी पेटीतून एक पाकीट आणलं. आत वडिलांनी सही केलेला फॉर्म आणि त्यांचे शेअर, जसेच्या तसे. तो फॉर्म गिरणीकडे कधी पाठवलाच नव्हता. "मला सांगून ठिवलं हुतं," चाची म्हणाल्या, "मास्तरचा माल हाय. घाबरून विकत होते, म्हणून अडवून ठिवलाय. गिरणी चालू झाली, की सोडून दे."

वडिलांनी घरी जाऊन साहेबांचे रोखे आणले आणि चाचींपुढे ठेवले. मग म्हणाले, "भाभी, इतकी वर्षं निम्म्या व्याजावर कसं भागवलंत तुम्ही?"

"कसं म्हंजे? शुक्रवारचं मटण बंद केलं. मला म्हणायचे, दाढ दुखती, चावत न्हाय." चाची हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते त्यांचे, मास्तरसाब. जाईस्तोवर."

वडील तिथंच उंबऱ्यावर बसले.