एसटीचा लाल, उन्हानं उडालेला

आमच्या शिरूरच्या कॉलेजात झाडं वर्तमानपत्रात दाबून वाळवतात. मी तिथली लॅब अटेंडंट. किस्सेही त्या गठ्ठ्यांसारखेच साठलेत, एक ओढला की चार खाली पडतात! त्यातले बहुतेक रशीदचाचांचे. चाचा म्हणजे गावातले बोर्ड रंगवणारे पेंटर. आमचे तक्तेही तेच काढायचे.

* * *

कुणीतरी कॉलेजला भलंमोठं पुस्तक भेट दिलं. दोनेकशे वर्षांपूर्वी जहाजातून जगभर फिरलेल्या चित्रकारांनी काढलेली झाडं! पहिल्याच चित्रात फांदीचं एक पान रंगवलेलं, बाकी नुसती पेन्सिल. पोरं ओरडली, "सर, प्रिंटिंग मिस्टेक!" मी तर पुस्तक परत पाठवायला खोकं शोधू लागले.

वनस्पतीशास्त्राचे सर हसले. "अहो, बोट हलतेय, फुलं कोमेजतायत. मग एक पान रंगवायचं, बाकीचे रंग शब्दांत लिहून ठेवायचे. घरी गेल्यावर चित्र पुरं करायचं."

"आन् घरी पोचलाच न्हाई तर?" कोपऱ्यात तक्ता काढत बसलेल्या चाचांनी विचारलं.

"काहीजण नाहीच पोचले."

चाचा उठले, हात धुऊन आले आणि मगच त्यांनी पान उलटलं.

* * *

एका चित्रातलं पान अळीनं खाल्लेलं होतं. चित्रकारानं भोकासकट काढलेलं.

"बोर्डावर असं भोक ठेवलं, तर गिऱ्हाईक मला दारात उभं करायचं न्हाई!" चाचा म्हणाले. मग बराच वेळ बघतच राहिले. "दोनशे वर्सं झाली, ताई. त्या अळीनं काय खाल्लं ते अजून दिसतंय."

* * *

मग चाचांनी ध्यासच घेतला. एसटीनं पार यवत, कासुर्डीपर्यंत जाऊन रस्त्याकडेची झाडं काढायची, कडेला रंग लिहायचे आणि घरी येऊन चित्र रंगवायचं. पळसाखाली लिहिलं होतं, 'एसटीचा लाल, उन्हानं उडालेला.' धोतऱ्याखाली, 'चुना, दुसरा हात.'

सर आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "बोटीवरचा माणूसही असंच लिहीत असणार हो!"

* * *

एकदा चाचांनी हळूच विचारलं, "ताई, गोकर्ण निळीच हाय ना?"

"मग काय पिवळी?" मी हसले.

ते हसले नाहीत. "मला खाकी दिसती."

मोतीबिंदू! एक डोळा लहानपणीच गेलेला, सगळी भिस्त दुसऱ्यावर. दौंडला ऑपरेशन ठरलं. "ह्यो बी गेला तर?" एवढंच म्हणाले, आणि आदल्या दिवसापर्यंत चित्रं काढत राहिले.

* * *

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी निघाली तसे चाचा थेट लॅबमध्ये आले. मी त्यांची सगळी चित्रं टेबलावर मांडली.

चाचांचा चेहराच उतरला. हिरवा सगळा मातकट. गोकर्ण तर काळीठिक्कर!

"नवे रंग आणून देतो, चाचा," सर हळू आवाजात म्हणाले. "परत रंगवा."

चाचा खिडकीशी गेले. बाहेरच्या कडुलिंबाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि एकेका चित्राखाली तीच ओळ लिहीत गेले.

'ह्यो रंग झाडाचा न्हाई. माझ्या डोळ्याचा हाय.'