भोंगाकाकांचे विसराळू संगणक

आमच्या वाचनालयात भोंगाकाकांना काही सांगणं म्हणजे दारावर नोटीस लावणं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझं लग्न ठरलं हे माझ्या सख्ख्या मामाला यांच्याकडून कळलं. मनात वाईट काही नसतं. पण कुणी सरळ विचारलं की हा माणूस सरळ उत्तर देतो, आणि लपवायला गेला तर त्याचे कान लाल होतात, हे अख्ख्या शहराला ठाऊक आहे. अशा माणसाने कितीतरी लोकांची गुपितं कशी सांभाळली, ते मी काउंटरवर बसून पाहिलंय, आणि मला त्यांचं भारी कौतुक आहे.

काका मूळचे वायरमन. वाचनालयातले दिवे, पंखे आणि मागच्या खोलीतले सहा जुने संगणक त्यांच्या ताब्यात. घरच्यांसमोर जे बघता येत नाही ते बघायला लोक तिथे येतात.

सात वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या मॅनेजरने काकांना सहज विचारलं, "आमचा स्टोअरकीपर रोज इथे काय करतो हो?" तेव्हा आधीच्या माणसाने काय शोधलं ते पुढच्याला पडद्यावर दिसायचं. काका म्हणाले, "दुसरी नोकरी शोधतात." महिन्याभरात स्टोअरकीपरची होती ती नोकरी गेली. काका माफी मागायला त्याच्या घरी गेले, पण कुणी दार उघडलं नाही.

दुसऱ्या कुणी जीभ आवरायची शपथ घेतली असती. काका स्वतःला ओळखून होते. "माझं तोंड काही सुधारणार नाही, पोरी," ते मला म्हणाले. "तेव्हा मला कळायलाच नको."

पण नोंदी पुसल्या तरी त्या आत कुठेतरी पुन्हा सापडायच्या. आतलं काही बघायची सोय नव्हती, कारण ते सॉफ्टवेअर कंपनीने कुलूपबंद करून विकलेलं. झाकण उघडत नाही त्या वस्तूवर विसंबायचं नाही, हा काकांचा धंद्यातला नियम. म्हणून त्यांनी मुक्त सॉफ्टवेअर शोधलं. त्याचा कोड सगळ्यांसमोर उघडा असतो, कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. त्रेपन्नाव्या वर्षी हा माणूस शिकायला बसला. दोनदा सहाच्या सहा संगणक बंद पाडले, वाचनालयाच्या अध्यक्षांची बोलणी खाल्ली, पण हटला नाही. शेवटी वाचक उठला की संगणक सगळं विसरू लागला.

तरी काका रोज सकाळी आतले कानेकोपरे तपासायचे. गेल्या वर्षी त्यांना दिसलं की प्रिंटरच्या यादीत छापलेल्या कागदांची नावं तशीच राहतात. त्यांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मोडक्यातोडक्या भाषेत कळवलं. कधी न भेटलेल्या एका बाईने चार दिवसांत दुरुस्ती पाठवली आणि आभाराच्या यादीत काकांचं नाव घातलं. ती यादी छापून काकांनी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवली आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक शिवणकाम करणारी बाई येऊ लागली. तिच्या मनगटावर बोटांचे वळ होते. तिने मला हळूच विचारलं, "ताई, इथे बघितलेलं घरी कळतं का?"

काका मागून म्हणाले, "मलासुद्धा कळत नाही. मला कळलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं." ती जराशी हसली. आठवडाभर आली, मग एक दिवस दोन पानं छापली आणि पिशवीच्या अस्तरात सरकवली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आला. हातात छपाईची पावती, 'दोन पाने' असं लिहिलेली. एरवी तोंड मिटून बसणारी मी, आणि पावतीवरचं अक्षर माझंच. तो माझ्याकडे न बघता थेट काकांकडे गेला.

"माझी बायको येते इथे?"

"येतात."

"काय बघते? काय छापलं?"

"माहीत नाही," काका म्हणाले. त्यांनी प्रिंटरची यादी उघडली, मग तिचा संगणक. दोन्ही रिकामे. "बसा, तुम्हीच बघा. मला दिसतं ते एवढंच."

मी काकांच्या कानांकडे बघत होते. नवराही तिकडेच बघत होता. कान लाल झाले नाहीत. दुसऱ्या कुणावर त्याने विश्वास ठेवला नसता. पावती चुरगाळून तो निघून गेला.

काका खुर्चीत बसले. "पोरी, माहीत असतं तर मी सांगून टाकलं असतं गं."

तीन दिवसांनी ती बाई मुलीला घेऊन शहर सोडून गेली. नवरा येऊन गेला त्या दिवसापासून मी पावतीवर पानांचा आकडा लिहीत नाही.

महिन्याभराने मला तिचं पत्र आलं. मी काकांना म्हटलं, "पत्र आलंय तिचं." सगळ्या जगाची चौकशी करणाऱ्या त्या माणसाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बरी आहे का, एवढंच सांग. गावाचं नाव घेऊ नकोस."

"बरी आहे," मी म्हटलं. काकांनी मान हलवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कुणाला काही न सांगता, शिडी घेऊन पंखा पुसायला गेले.