मशीन आतल्या खोलीत होती

नांदेडच्या स्टेशनात दिल्लीवरून अमृतसरकडे जाणारी गाडी लागली होती आणि आबा डब्याच्या दारातून मायला सांगत होते, "म्हशीला येळेवर पाणी दाव. तुरीकडं एक चक्कर मारत जा. दोन म्हैन्याचा तर सवाल हाय." माय माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "त्यायला जप." बारा वर्षांपूर्वी मी दिल्लीला निघालो तेव्हा याच फलाटावर ती मला जपून ऱ्हाय म्हणाली होती. या खेपेला जपायचं काम माझ्याकडं होतं.

कंधारजवळच्या आमच्या गावात मी सांगितलं होतं की आबांना दिल्ली दाखवायला नेतोय. तुम्ही गावकऱ्यांनीही कौतुक केलंत. खरं कारण वेगळं होतं. हिवाळ्यात दिल्लीची हवा इतकी खराब होते की शाळा बंद पडतात. आम्ही नवरा-बायको दोघं नोकरीवर, पाच वर्षांची लेक तन्वी घरी, आणि तिला दमा. तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं. विषारी हवेत पोरीला सांभाळायला मी सत्तरीचा म्हातारा नेला. हे आज लिहिताना जेवढं उघडं दिसतंय तेवढं तेव्हा दिसत नव्हतं, असं म्हणायची माझी हिंमत नाही. दिसत होतं.

पहिल्याच सकाळी आबा बाल्कनीत गेले आणि लगेच आत आले. "लई धुई पडलीय रे. असली धुई पडल्यावर तुरीचा फुलोरा टिकत न्हाई." मी हसून म्हणालो, ही धुक्याची धुई नाही आबा, धूर आहे. इथं तूरही नाही. मग त्यांना आमचं रोजचं सगळं शिकवलं. उठल्या उठल्या मोबाइलवर हवेचा आकडा बघायचा. बाहेर जाताना मास्क. दाराच्या फटीला ओलं फडकं. खिडक्यांना चिकटपट्टी. नाक शिंकरलं की काळं येतं, त्याला घाबरायचं नाही. आबा सगळं गुमान शिकले. फक्त खिडकीच्या चिकटपट्टीकडं बघून एकदा म्हणाले, "माणसाचं घर हाय का दाण्याची कणगी?"

घरात हवा साफ करणारी मशीन एकच होती आणि ती आमच्या आतल्या खोलीत, तन्वीच्या पलंगाशेजारी. निळा दिवा म्हणजे हवा चांगली. दार उघडलं की दिवा लाल व्हायचा आणि तन्वी ओरडायची, "लाल झाली! दार लावा!" आम्ही तिघं त्या खोलीत झोपायचो, जेवायचोसुद्धा. आबा हॉलमध्ये, बाल्कनीच्या दाराशी खाट टाकून.

आता तुम्ही विचाराल, म्हाताऱ्याला आत का घेतलं नाही? का ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याकडं सासरा सुनेच्या खोलीत पाय ठेवत नाही. स्वयंपाकघराकडं यायचं तरी आधी खाकरतो, म्हणजे सुनेनं पदर घ्यावा. माझी बायको सुरेखा जळकोटकडची, तिनंही माहेरी हेच पाहिलेलं. मी एकदा म्हणालो, "आबा, आत बसत जा, आत हवा चांगली आहे." ते म्हणाले, "सूनबाईची खोली हाय ती. मी हितं बरा हाय." एकदा म्हणालो. एकदाच. त्यांची रीत आमच्या सोयीची निघाली. शहरात आल्यावर मी गावच्या बाकी सगळ्या रीती टाकून दिल्या होत्या, ही एवढी मात्र पाळली.

दिवसा आम्ही कामावर असताना आबा त्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि दारातूनच तन्वीला कोल्ह्याच्या गोष्टी सांगायचे. जेवण द्यायला दार उघडायचे तेवढंच. ती आतून ओरडली की ताट सरकवून पटकन लावून घ्यायचे.

डिसेंबरात ते जास्त खाकरू लागले. सुरेखा गडबडीनं ओढणी डोक्यावर घ्यायची. "आबा यायलेत वाटतं." पण कुणी यायचं नाही. पुढं पुढं खाकरणं थांबेचना, आणि तिनं ओढणी घेणं सोडून दिलं. ती ओढणी घेत नाही हे माझ्या लक्षात आलं, आणि मला राग आला. तिचा. आबांच्या मानासाठी मी बायकोशी भांडलो आणि त्यांच्या छातीला कान लावला नाही.

मग एका सकाळी चहा घेऊन गेलो तर ते खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते, ओठ निळे. दिल्लीच्या दवाखान्यात चार दिवस काढले. जरा उतार पडल्यावर म्हणाले, "मला गावाकडं घेऊन चल." घेऊन आलो, तर नांदेडच्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, बिडी किती वर्षं ओढायचे? आबांनी उभ्या जन्मात बिडी ओढली नाही. संक्रांतीआधी ते गेले.

त्या मशीनला चाकं आहेत. वर मूठ आहे. उचलायला एक हात पुरतो. पोरीची खोली तासभर साफ झाली की ती हॉलमध्ये ढकलता आली असती, रोज, दिवसातून चारदा. मी हे त्यांच्या मातीनंतर दिल्लीला परतल्यावर करून पाहिलं. हॉलमधला दिवा वीस मिनिटांत निळा झाला.

परवा गावी गेलो होतो. दिल्लीचा खोकला आता मलाही आहे. ओसरीवर चढताना खोकलो, तर चुलीपुढं बसलेल्या मायनं मागं न बघता, आबांसाठी ओढायची तसा पदर डोक्यावर ओढला. मग वळून मला पाहिलं आणि पदर बराच वेळ तसाच राहू दिला.

चहा देताना म्हणाली, "येक इचारू का? ते रोज फोनवर सांगायचे, पोरानं मशीन माझ्या उशाला ठिवलीय, तू फिकर करू नको. मंग उशाला मशीन असून असं कसं झालं रे?"

आबांनी माझ्यासाठी रोज खोटं बोलून ठेवलं होतं. मी म्हणालो, "हाव माय. उशालाच होती. वय झालं होतं त्यांचं."

"नशीब," ती म्हणाली, "तू केलंस तेवढं कोण करतंय." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

माझं घर आता तेवढंच आहे, जिथं हे खोटं खरं धरून माया केली जाते. तिथली हवा अजून स्वच्छ आहे. मी दोन दिवसांच्या वर तिथं राहू शकत नाही.